विहिरीकडची शेवंती

२५ जून २०२३

आई, जयभीम.

फोनवर तू "बरं आहे" एवढंच म्हणतेस आणि फोन मामाच्या हातात देतेस. मामाशी मी काय बोलणार? पेरणी झाली का, घाटंजीकडे पाऊस आहे का, अभ्यास कसा चालू आहे, एवढं झालं की तोही गप्प आणि मीही. म्हणून लिहिते आहे. पत्र असं दुसऱ्याच्या हातात देऊन मोकळं होता येत नाही.

मुद्द्याचं आधी लिहिते. तुझी दुधी शेवंती सगळी गेलेली नाही.

मार्चमध्ये आपण दोघी उमरखेडहून, मामाकडच्या लग्नाहून परत आलो. तू बांधावरूनच नांगरलेला वाफा पाहिलास, बुंदीचा पुडा माझ्या हातात दिलास आणि पिशवी खाली न ठेवता एसटीच्या थांब्याकडे परत फिरलीस. विहिरीपर्यंत तू आलीच नाहीस. आली असतीस तर दिसलं असतं की विहिरीला लागून अर्धा वाफा शिल्लक आहे. तो बाबांनी वाचवला असं लिहायला मला आवडलं असतं, पण तसं झालेलं नाही. त्या कोपऱ्यात ट्रॅक्टर वळत नव्हता.

बाबांचं म्हणणं मी त्यांना दोनदा विचारलं. ट्रॅक्टर वरच्या वावरासाठी आणला होता, काम लवकर झालं, ड्रायव्हर म्हणाला आणखी काही आहे का, आणि फुलं तर संपून वाळली होती, म्हणून त्यांनी तेही ओढून टाकायला सांगितलं. वाळल्या खोडाच्या खाली पुढच्या वर्षीचं रोप असतं हे त्यांना माहीत नव्हतं असं नाही. त्यांनी विचारच केला नाही. यापेक्षा जास्त ते काही सांगत नाहीत.

वाळलेल्या खोडांच्या बुडाशी काश्या, नवे कोंब, फुटलेल्या होत्या. उन्हाळाभर मी त्यांच्यावर कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्या आडव्या टाकून सावली केली आणि कॉलेजला जायच्या आधी कळशीनं पाणी घातलं. आता त्या सुट्या करून लावायच्या आहेत. दोन काश्यांमध्ये वीतभर अंतर ठेवायचं हे आठवतं. खोल किती दाबायच्या ते आठवत नाही. तू बोटानं दाबत होतीस, आणि तुझं बोट माझ्या बोटापेक्षा लांब आहे. कळव.

थांब्यावर तू मला म्हणाली होतीस, "तिथं आता माह्यं काय उरलं?" तेव्हा मला माहीत नव्हतं. आता माहीत आहे. हे उरलं आहे. तुझ्या लग्नात तुझ्या आईनं ओल्या फडक्यात बांधून पाठवलेलं तेच रोप.

सहा डिसेंबरला ये. दरवर्षीप्रमाणे विहारातला हार आपल्या शेवंतीचा असेल. वंदना झाली की विहिरीवर ये, वाफा पाहा, आणि मग राहायचं की परत जायचं ते तुझं तू ठरव. मी अडवणार नाही. फूल नक्की असेल. हे मी लिहून देते.

तुझी मोनाली


२४ जुलै

आई,

पत्र पोचलं हे मामाकडून कळलं. तू ते वाचून घडी करून पेटीत ठेवलंस हेही कळलं. बोटाचं मात्र तू काही कळवलं नाहीस. मी अंदाजानं दाबल्या.

आधी मागच्या पत्रातली चूक. अर्धा वाफा नव्हता. एकच ओळ होती. एक ओळ म्हटलं तर तू कागद बाजूला ठेवशील असं वाटलं, म्हणून मी अर्धा वाफा लिहिलं, आणि तेव्हापासून मला नीट जेवण जात नाही. शाळेत घालायच्या आधी तू मला याच वाफ्याच्या ओल्या मातीत काडीनं अक्षरं शिकवलीस. चुकलेलं अक्षर पुसू देत नव्हतीस. त्याच्यावर आडवी रेघ मारायची आणि शेजारी बरोबर लिहायचं, म्हणजे काय चुकलं ते दिसत राहतं. पुढे शाळेत बाईंनी खोडरबर हातात दिलं तेव्हा मी रडले होते, हे तूच सगळ्यांना सांगत होतीस. तेव्हा आता अर्ध्या वाफ्यावर रेघ मार आणि शेजारी एक ओळ लिही.

त्या ओळीचीही आता पूर्ण ओळ राहिलेली नाही. परवाच्या पावसात नाला शेतात शिरला. आमचं घर बरं आहे, काळजी करू नकोस. पण विहिरीकडे पाणी तुंबलं आणि खालच्या अंगाची रोपं बुडाशी पिवळी पडून गेली. मी काल हातानं चिखल बाजूला करत होते, तेवढ्यात बाबा फावडं घेऊन आले आणि भर पावसात ओळीपासून नाल्यापर्यंत चर खणून पाणी काढून दिलं. मी काही बोलायच्या आतच म्हणाले, "पऱ्हाटीले पाणी लागून राह्यलं होतं."

पऱ्हाटी त्या बाजूला नाहीच. यंदा तिकडे तूर आहे.

हे सांगून मी त्यांची बाजू घेते आहे असं समजू नकोस. चर खणला, एवढंच झालं आहे. मी तुला झालं तेवढंच सांगायचं ठरवलं आहे.

मोनाली


३ सप्टेंबर

आई,

ऑगस्ट पूर्ण कोरडा गेला. जुलैत पाण्यानं मेलं नाही ते ऑगस्टात उन्हानं मरेल अशी भीती होती. सोयाबीन पिवळं पडलं. शेवंतीला मात्र पाणी मिळालं, कारण बाबा तुरीला पाणी सोडतात तेव्हा पाट नेमका आपल्या ओळीशी फुटतो. दर वेळी फुटतो. मी एकदा तो नीट बुजवला होता. दुसऱ्या दिवशी पुन्हा फुटलेला होता.

रोपं आता माझ्या मांडीइतकी झाली आहेत आणि मी शेंडे खुडते आहे. एक शेंडा खुडला की खालून तीन-चार फांद्या फुटतात, आणि जितक्या फांद्या तितकी फुलं, हे तू शिकवलंस. कधीपर्यंत खुडायचं तेही शिकवलंस. "पोळ्यापर्यंत. बैल सजून निघाले का शेंड्याले हात लावाचा नाई." आपले बैल तर विकले, पण लखीरामकाकांचे आहेत. यंदा पोळा चौदा तारखेला आहे.

एक शंका आहे, आणि ती साधी नाही, म्हणून नीट वाच. काही शेंड्यांच्या टोकाशी आत्ताच बाजरीच्या दाण्याएवढी गाठ दिसते. ती कळी आहे का नुसतं पान गुंडाळलं आहे ते मला ओळखता येत नाही. ती खुडायची का? पोळा तर अजून व्हायचा आहे. माझ्या मते नियम म्हणजे नियम, आणि मधेच स्वतःचं डोकं चालवलं तर मी बिघडवून ठेवीन. पण चुकत असेन तर दोन ओळी लिही. दोन ओळीही नकोत. मामाच्या फोनवरून "थांब" एवढंच म्हण.

सहा डिसेंबरबद्दल मामानं विचारलं तेव्हा तू "पाहू" म्हणालीस असं कळलं. तुझ्या तोंडचं पाहू म्हणजे पुष्कळदा हो असतं. म्हणून आता मी जास्त घाबरले आहे. तू नाही म्हणाली असतीस तर निदान फुलाची घाई नव्हती.

मोनाली


१५ सप्टेंबर

आई,

काल पोळा झाला. तुझा "थांब" आला नाही, म्हणजे माझं बरोबर आहे असं मी धरलं.

मी सकाळपासून ओळीत बसले होते. एकही शेंडा सोडला नाही. गाठ दिसत होती तीही खुडली. लखीरामकाकांचे बैल झूल आणि बाशिंग घालून तोरणाकडे निघाले, त्यांच्या घुंगरांचा आवाज नाल्यापलीकडून आला, तेव्हा मी शेवटच्या झाडाचा शेवटचा शेंडा खुडून हात झटकले. बोटांना अजून तो वास आहे, ओव्यासारखा आणि कडू. हा वास बाजारातल्या शेवंतीला येत नाही.

बाबा मोटर चालू करायला आले होते. मोटर चालू केल्यावरही बराच वेळ तिथेच उभे राहिले. मला वाटलं काही बोलतील. मग म्हणाले, "झालं काय?" मी म्हटलं, झालं. ते गेले.

आता कळ्या धरायची वाट पाहायची. तू शिकवलंस ते सगळं तसंच केलं आहे. खूप दिवसांनी आज मला बरं वाटतं आहे.

मोनाली


२९ ऑक्टोबर

आई,

कळी नाही.

दसरा झाला. गावातल्या तरुण मंडळींनी नागपूरला दीक्षाभूमीवर जाऊन येऊन आठवडा होत आला. घाटंजीच्या बाजारात पिवळ्या, पांढऱ्या शेवंतीचे ढीग लागले आहेत. आणि आपली ओळ हिरवीगार उभी आहे, इतकी निरोगी की पाहून राग येतो. पानं तुकतुकीत, फांद्या इतक्या की झाडं आडवी पडू नयेत म्हणून प्रत्येकाला पऱ्हाटीचा आधार दिला. टोकांवर काही नाही. भिंग घेऊन पाहते. कॉलेजच्या प्रयोगशाळेतून मागून आणलं आहे.

कृषी केंद्रातल्या माणसाला एक फांदी नेऊन दाखवली. त्यानं पाहिलंही नाही, एक बाटली दिली, म्हणाला फवारा, आठ दिवसांत गच्च कळी. मी फवारलं. पानं आणखी मोठी झाली. परत गेले तर म्हणाला, मग तुमची जातच जुनी आहे, नवीन रोपं घ्या, माझ्याकडे आहेत. नाल्यापलीकडच्या जमनीकाकू रोज जाता-येता विचारतात. काल म्हणाल्या, "फूल नाई येत त भाजी करून खाय पोरी, पाला त मस्त आला." मी हसले. घरी येऊन रडले.

पाणी जास्त झालं का? मावा किडीवर राख टाकली ती जास्त झाली का? खोल दाबल्या का? रोज वेगळी चूक सापडते आणि रात्रभर खरी वाटते. सकाळी उठून पाहते तर झाड आहे तसंच.

मला एकच माहीत आहे, की मी तुझा नियम पाळला. तो पाळूनही असं होत असेल, तर मला काय शिकवायचं राहिलं होतं ते सांग. रागानं लिहीत नाही.

रागानंच लिहिते आहे. वरच्या वाक्यावर रेघ.

मोनाली


१९ नोव्हेंबर

आई,

कारण कळलं.

दिवाळीच्या सुमारास टोकांवर गाठी दिसू लागल्या होत्या. आता त्या हरभऱ्याएवढ्या आहेत, घट्ट आणि हिरव्या. काल जेवताना मी बाबांना सांगितलं की सहा तारखेपर्यंत काही फूल येत नाही. त्यांनी भाकरी मोडली आणि अगदी सहज म्हणाले, "कसं येईन? धोंड्याच्या सालात पोळ्यापर्यंत खुडलं तू."

मला काही समजलं नाही. मग त्यांनी समजावून सांगितलं, ताटातल्या भाजीकडे बघत. यंदा धोंड्याचा महिना होता. श्रावण दोनदा आला. मधे एक महिना घुसला म्हणून पोळा पुढे सरकून सप्टेंबरच्या मध्यावर गेला. शेवंतीला त्याचं काय? ती ऊन पाहते, रात्र लांबायला लागली की कळी धरते. ती कळी मी पोळा व्हायचा आहे म्हणून खुडून टाकली. बाजरीच्या दाण्याएवढी गाठ ती कळीच होती. झाडाला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागली.

"मिरग अन् मघा कधी धोंड्यानं सरकत नाई," बाबा म्हणाले. "तुही माय अशा सालात मघा लागला का हात आखडून घे."

मघा नक्षत्र सूर्यावर चालतं, ते ऑगस्टच्या मध्याला लागतं. चांगला एक महिना आधी.

आपल्या घरी धोंडा कोणी पाळत नाही. जावयाला जेवण नाही, वाण नाही. गावात बाकीच्यांच्या घरी अनारसे तळले जात होते ते मी पाहिलं, जमनीकाकूंनी मला दोन दिलेही. ते खाताना याचा माझ्या शेंड्यांशी काही संबंध असेल असं मनातसुद्धा आलं नाही. आपण धोंडा सोडला, पोळा मात्र शेतीचा म्हणून ठेवला, आणि मी त्या पोळ्यावर तुझा नियम बांधून बसले. याआधी असा पोळा सरकला त्या वर्षी मी दहावीला होते, यवतमाळला वसतिगृहात. तू कधी थांबलीस ते पाहायला मी इथे नव्हतेच.

तू डोळ्यांनी झाड पाहत होतीस. मला मात्र तू सण दिलास. लहान पोरीला सोपं जावं म्हणून दिलास, हे समजतं. पण मी आता वीस वर्षांची आहे. मी तुला विचारलं होतं. गाठ दिसते, खुडू का, असं स्पष्ट विचारलं होतं.

आणि बाबांना मी म्हटलं, "तुम्ही पोळ्याच्या दिवशी तिथं उभे होते."

"होतो."

"मंग सांगतलं काहून नाई?"

"मले वाटलं, तिनं पत्रात तसं सांगतलं असंन. तिचं झाड. म्या कायले मधात पडू?"

मी ताट तसंच ठेवून उठले. त्यांनी माझी भाकरी झाकून ठेवली. सकाळी ती मीच कोंबड्यांना घातली.

मोनाली


२६ नोव्हेंबर

आई,

काल फोनवर मी मामाला शपथ घालून सांगितलं की आज फोन आईच्या हातातून परत घ्यायचा नाही. म्हणून तुला बोलावं लागलं. माझा आवाज चढला होता, त्याबद्दल माफी मागते. जे विचारलं त्याबद्दल मागत नाही.

मी विचारलं, सप्टेंबरचं पत्र वाचलं होतं का? तू हो म्हणालीस. गाठीचं वाचलं होतं का? हो. मग थांब का म्हणाली नाहीस?

तू जे बोललीस ते मी इथे लिहून ठेवते. "तुह्या बापाले दिसत नव्हतं काय? रोज त तिथं जाते तो. मले वाटलं, तो सांगन."

हेच वाक्य मी आठवडाभर आधी घरात ऐकलं आहे. फक्त त्यात तो नव्हता, ती होती.

तुम्हा दोघांनाही माहीत होतं. मी मधे बसून एकेक कळी तोडत होते. एक जण विहिरीवर उभा राहून पाहत होता आणि एक जण उमरखेडला पत्रात वाचत होती. दोघंही दुसरा बोलेल म्हणून थांबलात. मी खुडलं ते माझ्या हातानं खुडलं, ते माझ्याकडेच आहे. पण निदान आता मला कोणी म्हणू नका की पोरीनं विचारायला पाहिजे होतं.

मी विचारलं होतं. दोघांच्याही समोर बसून खुडणं, हे विचारणंच होतं.

सहा तारखेला येऊ नकोस. फूल नक्की असेल हे मी लिहून दिलं होतं, त्यावर रेघ. आज सकाळपासून अवकाळी पाऊस लागला आहे. वेचायला आलेला कापूस बोंडात भिजला, बाबा छतावर पोती झाकत आहेत. कळ्यांवर मी जुनी साडी ताणून बांधली आहे. तुझीच, निळी. दुसरी नव्हती.

मोनाली


८ डिसेंबर

आई,

तू आलीस. मी येऊ नकोस म्हटल्यावर आलीस, हे तुझ्यासारखंच झालं.

तुला एक गोष्ट माहीत नाही, ती सांगायला हवी. पाच तारखेला बाबा सकाळीच एसटीनं यवतमाळला गेले होते, काही न सांगता. परत आले ते पांढऱ्या शेवंतीची थैली घेऊन. मोठी फुलं, एकासारखं एक, वास नाही. म्हणाले, "हेच ओव हारात. दुरून कोणाले कळते?" मी म्हटलं, आईला कळेल, आली तर ती हारापाशी वाकेल. ते म्हणाले, "हो, वाकन." मग त्यांनी ती फुलं बादलीत पाणी घालून ओट्यावर ठेवली. अजून तिथेच आहेत. मी झेंडूचा हार ओवला, घाटंजीच्या बाजारातला. हार ज्या फुलाचा आहे त्या फुलाचा दिसत होता, एवढं समाधान.

विहारात तू पांढऱ्या साडीत रुखमाबाईंच्या मागे रांगेत उभी होतीस. मी मेणबत्त्या वाटत होते, तुझ्या हातात देताना माझा हात भाजला. तू म्हणालीस, "बारीक झाली." मी म्हटलं विहिरीवर चल, फूल नाही पण कळ्यांच्या टोकाला पिवळा रंग दिसतो आहे. तू म्हणालीस, "फूल आल्यावर पाहू." आणि मला समजलं की ती अट मीच घातली होती, जूनमध्ये, माझ्याच अक्षरात. तू फक्त ती पाळत होतीस.

बाबा फाटकापाशी होते. त्यांनी इस्त्रीचा सदरा घातला होता. मी तो काढून दिला नव्हता, त्यांनी स्वतः शोधला. तू त्यांच्यापासून चार हातांवरून गेलीस. ते खाली बघत होते, तू समोर बघत होतीस. मग दोघांनीही एकदमच माझ्याकडे पाहिलं. मी काहीतरी करावं अशा नजरेनं.

मी काही केलं नाही. मामानं गाडी सुरू केली, तू बसलीस, गेलीस. तुला अडवणार नाही असं मी लिहून दिलं होतं, म्हणून अडवलं नाही. त्या एका वाक्यावर रेघ मारायला हवी होती असं आता वाटतं, पण ते वेळेवर सुचलं नाही.

मोनाली


६ जानेवारी २०२४

आई,

उमललं.

नाताळाच्या सुट्टीत पहिलं फूल उघडलं, आता ओळभर आहेत. तीच शेवंती. पहिल्या दिवशी पिवळसर, मग सायीसारखा रंग येतो, मधे थोडं हिरवं राहतं. बाजारातल्यापेक्षा लहान, रुपयाएवढंही नाही, पण दोन हात दूर असलं तरी वास येतो. जमनीकाकू पाहून म्हणाल्या, "आता कोन्या सणाले आलं हे?" मी म्हटलं कोणत्याच नाही. कोणाला घालायची नाहीत, कुठे न्यायची नाहीत. त्या दोन मागून केसात घालून गेल्या.

मी आनंदानं लिहिते आहे असं तुला वाटेल. आनंद आहे, पण मी अजून चिडलेली आहे आणि ते लपवणार नाही. महिनाभर आधी हीच फुलं आली असती तर तू विहिरीवर असतीस. ती आली नाहीत ती माझ्या हातानं, आणि तुम्हा दोघांच्या गप्प बसण्यानं. फुलं आली म्हणून ते फिटत नाही.

बाबा रोज मोटर चालू करून तिथे बसतात. काल मला म्हणाले, "तिले इचार, यंदा खोडकं कधी छाटाची? उशिरा फुललं. काश्या कधी निघतीन?"

प्रश्न बरोबर होता. मलाही तोच पडला होता. मी कागद घ्यायला उठलेही. आणि मग बसले.

"तुम्हीच इचारा," मी म्हटलं.

"म्या?"

"तुम्ही."

मोटर बंद करायची वेळ झाली तरी ते उठले नाहीत, पाणी ओळ भरून तुरीत गेलं. संध्याकाळी चुलीपाशी येऊन म्हणाले, कोरा कागद दे. मी वहीतला फाडून दिला. ओट्यावर बसून त्यांनी लिहिलं, त्या बादलीतल्या वाळलेल्या फुलांच्या शेजारी. ती अजून त्यांनी फेकू दिलेली नाहीत. काय लिहिलं ते मी वाचलेलं नाही. घडी माझ्या हातात दिली तेव्हा इतकंच दिसलं की पुष्कळ ठिकाणी खोडलं आहे. गिरगटून नाही, आडवी रेघ मारून. ते कधी तुझ्याकडून शिकले, मला माहीत नाही.

तो कागद याच पाकिटात आहे. असं पोचवणं हे शेवटचं. झाडाला पाणी किती, खोडकं कधी, काश्या उमरखेडला न्यायच्या की इथेच लावायच्या, हे तुम्ही एकमेकांना विचारा. मी तुला लिहीत राहीन, परीक्षेचं, पायाच्या भेगांचं, काय शिजवलं त्याचं. पण तुमच्या दोघांच्या मधे उभी राहून मी आणखी एक वर्ष कळ्या खुडणार नाही.

फूल पाकिटात घातलेलं नाही. टपालात त्याचा चेंदा होईल आणि तू म्हणशील, पाहिलं. ते इथे विहिरीवर आहे, थंडी टिकली तर महिनाअखेरपर्यंत राहील.

उत्तर मला पाठवू नकोस. पाकिटावर त्यांचं नाव घाल.

मोनाली